लिनक्स कर्नलमध्ये रस्ट: मेमरी मागायची कशी, मालकी ठरवायची कशी

कर्नलमध्ये मेमरी मागण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं हातात हवीत. ही मेमरी कुणाच्या मालकीची? ती कोण आणि कोणत्या फंक्शनने मोकळी करणार? मागणी नाकारली गेली तर पुढे काय? आणि हा कोड चालतोय त्या क्षणी झोपायची, म्हणजे प्रोसेसर सोडून थांबून राहायची, मुभा आहे का?

सी मध्ये ही चारही उत्तरं लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात, फार तर एखाद्या कमेंटमध्ये. रस्टमध्ये पहिली तीन टाइपमध्ये उतरतात आणि कंपायलर ती पाळायला लावतो. चौथ्याची जबाबदारी मात्र आजही तुमचीच आहे. हा फरक पक्का असेल तर कर्नलमधलं रस्ट लवकर हाताला येतं. नसेल तर विनातक्रार कंपाइल झालेला कोड मशीन लटकवतो आणि कारण सापडत नाही.

रस्टमधली मालकी, उसनं घेणं आणि प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर तुम्हाला माहीत आहे, आणि सी मध्ये एखादं छोटं मॉड्यूल तुम्ही लिहून पाहिलं आहे, असं मी धरून चालतो. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

एपीआयची ही ठेवण कुठून आली

सामान्य रस्टमध्ये बॉक्स::न्यू ला मेमरी मिळाली नाही की प्रोग्राम तिथेच संपतो. ॲप्लिकेशनला ते परवडतं. कर्नल असा पडला तर अख्खं मशीन जातं. एप्रिल २०२१ मध्ये मिगेल ओहेदा यांनी कर्नलमध्ये रस्ट आणण्याचा प्रस्ताव पाठवला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांचा एक मोठा आक्षेप हाच होता: मेमरी मिळाली नाही म्हणून पॅनिक करणं कर्नलला कदापि चालणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये आवृत्ती ६.१ सोबत रस्ट कर्नलमध्ये आलं, तेव्हा प्रमाण ॲलॉक लायब्ररीची बदललेली प्रत सोबत ठेवली होती. ६.१० मध्ये ती प्रत गेली आणि मेमरी मागणाऱ्या प्रत्येक कॉलमध्ये फ्लॅग, म्हणजे मेमरी कशा रीतीने मिळवायची ते सांगणारी खूण, देणं आलं. मग डॅनिलो क्रुमरिख यांच्या कामातून ६.१३ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, कर्नलचे स्वतःचे बॉक्स आणि वेक आले आणि ॲलॉक लायब्ररीची गरजच संपली. म्हणून जुन्या लेखांतली ट्राय_न्यू, ट्राय_पुश अशी नावं आजच्या कर्नलवर चालणार नाहीत. लेख कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलाय ते पाहिल्याशिवाय त्यातला कोड उचलू नका, अगदी हाही लेख: यातलं सगळं ६.१३ आणि त्यापुढच्या कर्नलसाठी आहे.

पायरी १: प्रयोगाची जागा

कर्नलच्या सोर्स फोल्डरमध्ये आधी हे चालवा:

मेक एलएलव्हीएम=१ रस्टअव्हेलेबल

रस्ट कंपायलर किंवा बाइंडजेन (सी च्या हेडरवरून रस्टची जोडणी बनवणारं साधन) यातलं काही कमी असेल तर ही आज्ञा नेमकं काय ते सांगते. मग मेन्यूकॉन्फिगमध्ये रस्ट सपोर्ट आणि रस्टचे नमुने चालू करा. त्यासोबत डीबगिंगचे चार पर्याय लगेच चालू करून ठेवा: केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडतो), केमेमलीक (गळती शोधतो), ॲटॉमिक स्लीप तपासणी (चुकीच्या जागी झोप पकडते) आणि फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम अपयश घडवतं). पुढच्या प्रत्येक पायरीची खात्री यांच्यावरच करायची आहे. चाचणी क्यूएमयूमध्येच, म्हणजे आभासी मशीनमध्येच, करा, रोजच्या लॅपटॉपवर नको.

सॅम्पल्स/रस्ट मध्ये रस्ट_मिनिमल नावाची छोटी फाइल आहे, सुरुवात तिथून करा. तिच्या स्ट्रक्टमध्ये नंबर्स नावाचा केवेक आहे आणि मॉड्यूल सुरू होताना त्यात ७२, १०८ आणि २०० टाकले जातात:

नंबर्स.पुश(७२, जीएफपी_कर्नल)?;

या एका ओळीत तीन प्रश्नांची उत्तरं दिसतात. झोपायची मुभा आहे, हे जीएफपी_कर्नल सांगतो. मेमरी मिळाली नाही तर फंक्शन एनोमेम, म्हणजे मेमरी नसल्याची एरर, घेऊन परत फिरेल, हे प्रश्नचिन्ह सांगतं. आणि मालक आहे नंबर्स. मॉड्यूल काढलं की ड्रॉप चालतो आणि मेमरी परत जाते. मोकळी करण्याची ओळ फाइलमध्ये कुठेच सापडणार नाही.

पायरी २: ॲलोकेटर निवडा

ॲलोकेटर तीन आहेत: केमॅलॉक, व्हीमॅलॉक आणि केव्हीमॅलॉक. प्रत्येकाचा स्वतःचा बॉक्स आणि स्वतःचा वेक: केबॉक्स, व्हीबॉक्स, केव्हीबॉक्स; केवेक, व्हीवेक, केव्हीवेक.

केमॅलॉकची मेमरी भौतिक पत्त्यांवरही सलग असते. छोट्या वस्तूंसाठी हाच सर्वांत जलद. पण बरेच दिवस चाललेल्या मशीनवर मेमरीचे तुकडे पडलेले असतात आणि मोठा सलग तुकडा मिळणं अवघड होतं. व्हीमॅलॉक विखुरलेली पानं गोळा करून पेज टेबलच्या आधाराने ती सलग दाखवतो. मोठ्या बफरला तो बरा, पण शंभर बाइटसाठीही अख्खं पान जातं. केव्हीमॅलॉक आधी केमॅलॉक करून पाहतो आणि जमलं नाही तर व्हीमॅलॉककडे वळतो.

माझा सरळ नियम असा: आकार आधीच ठाऊक आणि एका पानाच्या आत, तर केबॉक्स. लांबी यूजरस्पेसमधून येणार असेल तर केव्हीवेक. डीएमएसाठी, म्हणजे उपकरण थेट मेमरीत लिहितं-वाचतं तिथे, यातलं काहीच नाही, त्याचं ॲबस्ट्रॅक्शन वेगळं आहे.

सी मध्ये व्हीमॅलॉकने घेतलेली मेमरी चुकून केफ्रीने मोकळी करणं ही जुनी आणि खरीखुरी चूक. रस्टमध्ये ॲलोकेटर टाइपचाच भाग असल्यामुळे व्हीबॉक्सचा ड्रॉप व्हीफ्रीच बोलावतो. सेफ कोडमध्ये ही चूक करायला जागा उरत नाही. लांबी गुणिले आकार हा गुणाकार ओव्हरफ्लो होऊन बफर लहान पडण्याचंही तसंच. विथ_कपॅसिटी तो हिशेब तपासूनच करतं आणि मावत नसेल तर एरर देतं.

पायरी ३: फ्लॅग आणि लॉक

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, कारण इथे कंपायलर तुमच्या बाजूने उभा नाही.

जीएफपी_कर्नल दिला की कर्नल हवं तर इतरांची पानं परत मिळवतो, डिस्कवर लिहून होण्याची वाट पाहतो, आणि तोवर तुमचा थ्रेड झोपतो. जीएफपी_ॲटॉमिक झोपत नाही आणि राखीव साठ्यातून घेऊ शकतो; इंटरप्ट हँडलर ही त्याची हक्काची जागा. जीएफपी_नोवेट झोपत नाही आणि राखीव साठ्यालाही हात लावत नाही, त्यामुळे त्याला नकार लवकर मिळतो. न मिळाल्यास दुसरी वाट तयार असेल तिथेच तो वापरा.

आता हा प्रसंग पाहा. स्पिनलॉक (न झोपता फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) घेतलाय, गार्ड (ड्रॉप होताच लॉक सोडणारी वस्तू) हातात आहे, आणि त्याच ब्लॉकमध्ये केबॉक्स::न्यू(नोड, जीएफपी_कर्नल)? लिहिलंय. मालकी बरोबर, उसनवारी बरोबर, एरर हाताळलेली. कंपायलर एक शब्द बोलत नाही. पण स्पिनलॉक धरलेला असताना झोपायला बंदी आहे. बहुतेक वेळा मेमरी लगेच मिळते आणि कोड चालून जातो. मेमरी तंग झाली की मशीन अडकतं. असा बग चाचणीत दिसत नाही आणि लोकांच्या मशीनवर दिसतो, म्हणून तो वाईट.

कोणता कोड झोपू शकतो हे रस्टच्या टाइप सिस्टिमला कळत नाही. गॅरी गुओ यांनी यासाठीच केलिंट हे तपासणीचं साधन लिहायला घेतलं. तुमच्या हाताशी मात्र ॲटॉमिक स्लीप तपासणी आहेच. ती चालू असेल तर प्रत्यक्ष झोप लागली नाही तरी, झोपू शकणारा कॉल चुकीच्या जागी झाला म्हणून लॉगमध्ये इशारा येतो.

इशारा आला की पुष्कळ जण फ्लॅग बदलून जीएफपी_ॲटॉमिक करतात आणि पुढे जातात. तसं करू नका. राखीव साठा थोडा असतो आणि ज्यांना खरोखर दुसरा मार्ग नाही त्यांच्यासाठी असतो. आधी मेमरी मागा, मग लॉक घ्या, हाच क्रम बरोबर आणि रस्टमध्ये तो छान जमतो.

एकच वस्तू असेल तर सोपं आहे. केबॉक्स लॉकच्या बाहेर बनवा आणि आत मूव्ह करा. मूव्ह म्हणजे पॉइंटरची नक्कल, तिथे मेमरी मागितली जात नाही.

वेक वाढवायचा असेल तर थोडं जास्त काम आहे. लॉक घेऊन किती जागा हवी ते पाहा आणि लॉक सोडा. बाहेर नवा वेक विथ_कपॅसिटीने बनवा. पुन्हा लॉक घ्या आणि मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने लांबी बदलली नाही ना ते तपासा. बदलली असेल तर पुन्हा पहिल्यापासून. ठीक असेल तर जुन्यातले घटक नव्यात हलवा, अदलाबदल करा, आणि जुना वेक लॉक सुटल्यावर ड्रॉप होईल असा ठेवा. या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष होतं. व्हीफ्रीसुद्धा झोपू शकतं. म्हणजे व्हीवेक किंवा केव्हीवेक स्पिनलॉकच्या आत ड्रॉप होणं हाही बगच, आणि ती ओळ कोडमध्ये लिहिलेलीच नसल्यामुळे रिव्ह्यूमध्ये डोळ्यांना दिसत नाही. ड्रॉप कुठे होतोय हे कंस मोजून पाहायची सवय लावून घ्या.

लाल-काळ्या झाडासाठी कर्नलमध्ये तयार सोय आहे. आरबीट्रीनोडरिझर्वेशन लॉकच्या बाहेर बनवा, लॉक घेतल्यावर किंमत ठरली की इंटू_नोड म्हणा आणि झाडात घाला. घालताना मेमरी मागितली जात नाही, त्यामुळे ते नापासही होत नाही. स्वतःची रचना लिहिताना हाच नमुना समोर ठेवा: नापास होऊ शकणारं काम आधी, नापास न होणारं लॉकच्या आत.

पायरी ४: जागच्या जागी घडवा

एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅक १६ केबी असतो. केबॉक्स::न्यू(मोठा_स्ट्रक्ट) लिहिलं की स्ट्रक्ट आधी स्टॅकवर तयार होऊन मग ढिगात, म्हणजे हीपवर, जाऊ शकतो. ऑप्टिमायझर मधली नक्कल पुष्कळदा काढून टाकतो, पण तशी हमी नाही. दोन-चार केबीचा बफर असेल तर केबॉक्स::इनिट वापरा आणि इनिशियलायझर म्हणून सगळं शून्याने भरणारा द्या (आधी त्याचं नाव झिरोड होतं, ६.१७ पासून इनिट_झिरोड). वस्तू थेट तिच्या कायमच्या जागी भरली जाते.

दुसरं कारण अधिक खोल आहे. कर्नलच्या म्युटेक्समध्ये वाट पाहणाऱ्यांची यादी असते आणि रिकाम्या यादीचे पॉइंटर स्वतःकडेच बघत असतात. असा म्युटेक्स बाइट-बाय-बाइट दुसऱ्या पत्त्यावर गेला तर आतले पॉइंटर जुन्याच पत्त्याकडे बघत राहतात. म्हणून म्युटेक्स, स्पिनलॉक, कंडव्हार हे पिन केलेले असावे लागतात. बेनो लॉसिन यांनी घडवलेली पिन-इनिट लायब्ररी हे काम करते. स्ट्रक्टवर पिन_डेटा आणि लॉकच्या फील्डवर पिन ही खूण लावा. मग पिन_इनिट! मॅक्रोमध्ये त्या फील्डसाठी डावा बाण वापरून न्यू_म्युटेक्स! लिहा, आणि हे सगळं केबॉक्स::पिन_इनिट ला फ्लॅगसह द्या.

चौथ्या फील्डपाशी एरर आली तर आधीची तीन फील्ड आपोआप ड्रॉप होतात आणि मेमरी परत जाते. सी मध्ये इथे गोटूची उतरंड लिहावी लागते आणि नवं फील्ड आलं की एखादी पायरी राहून जाते. मेमरी गळतीचे कितीतरी बग एरर वाटेवरच्या या राहून गेलेल्या पायरीतून येतात. रस्टने कर्नलसाठी केलेलं सगळ्यात उपयोगी काम कोणतं असं मला विचाराल तर मी याच सोयीचं नाव घेईन.

पायरी ५: मालक अनेक असतील तर

आधी खरंच अनेक मालक लागतात का ते विचारा. पुष्कळदा एक मालक आणि बाकीचे उसने घेणारे एवढ्यावर भागतं. भागत नसेल तर कर्नलचा स्वतःचा आर्क घ्या. तो कर्नलच्या रेफकाउंट_टी वर उभा आहे, त्यामुळे गणती वर गेली तर उलटून शून्याकडे येत नाही, वरच अडकून राहते. थोडी मेमरी गळते, पण वापरात असलेली वस्तू मोकळी होत नाही. त्यात वीक संदर्भ नाहीत, म्हणून दोन आर्क एकमेकांना धरून बसले तर ते कायमचे राहतात. रस्ट गळतीपासून वाचवत नाही. गळती सेफच मानली जाते.

वाटण्याआधी वस्तूत बदल करायचे असतील तर युनिकआर्कने सुरुवात करा आणि तयार झाल्यावर आर्कमध्ये रूपांतर करा. सी च्या बाजूने मोजणी होणाऱ्या वस्तूंसाठी, उदाहरणार्थ टास्क किंवा डिव्हाइस, एआरेफ वापरा.

पायरी ६: ड्रॉपचा क्रम

स्थानिक व्हेरिएबल उलट्या क्रमाने ड्रॉप होतात. स्ट्रक्टची फील्ड मात्र लिहिलेल्या क्रमाने, वरून खाली. समजा स्ट्रक्टमध्ये बफर आहे आणि त्याच्या खाली कॉलबॅकचं रजिस्ट्रेशन. ड्रॉप होताना आधी बफर जाईल, मग रजिस्ट्रेशन रद्द होईल. मधल्या क्षणी कॉलबॅक आला तर तो मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावेल. रजिस्ट्रेशन वर हवं. तसं का ठेवलंय ते कमेंटमध्ये लिहा, नाहीतर पुढचा माणूस फील्ड नीटनेटकी लावताना क्रम बदलेल. याहून चांगलं म्हणजे रजिस्ट्रेशनलाच डेटाची मालकी देणं, म्हणजे क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक बारीक जागा. लेट _ = लॉक.लॉक() लिहिलं तर गार्ड त्याच ओळीवर ड्रॉप होतो आणि लॉक सुटतो. लेट _गार्ड लिहिलं तर ब्लॉक संपेपर्यंत राहतो.

पायरी ७: सी ची सीमा

सी ला वस्तू देताना मालकीही दिली जाते. इंटू_फॉरेन केबॉक्सचा कच्चा पॉइंटर देतो, तो सी च्या प्रायव्हेट डेटा फील्डमध्ये बसतो. मधल्या प्रत्येक कॉलबॅकमध्ये फक्त बॉरो करायचं. शेवटच्या कॉलबॅकमध्ये, आणि तिथेच एकदा, फ्रॉम_फॉरेन करून मालकी परत घ्यायची. ती दोनदा घेतली तर मेमरी दोनदा मोकळी होते, कधीच घेतली नाही तर गळते. सी च्या बाजूने थेट केफ्री करू देऊ नका, कारण मग ड्रॉप चालत नाही आणि आतल्या वस्तू अनाथ होतात. इंटू_रॉ ने दिलेला पॉइंटर फ्रॉम_रॉ ने परत घेताना ॲलोकेटर तोच हवा, ही अट मात्र तुम्हालाच सांभाळायची आहे.

प्रत्येक अनसेफ ब्लॉकच्या वर सेफ्टी कमेंट लागते. ती उपचार म्हणून लिहू नका. तिचं वजन किती, हे सीव्हीई या सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीतल्या सीव्हीई-२०२५-६८२६० या नोंदीवरून कळतं. कर्नलमधल्या रस्ट कोडला मिळालेला हा पहिला सीव्हीई. जागा होती ६.१८ मध्ये आलेला रस्टमधला बाइंडर ड्रायव्हर, म्हणजे अँड्रॉइडमध्ये प्रोसेसना एकमेकांशी बोलू देणारा ड्रायव्हर. त्यात मृत्यूसूचनांच्या (समोरची प्रोसेस संपल्याच्या निरोपांच्या) यादीतून घटक काढणारा एक अनसेफ कॉल होता. हा घटक आपल्या मालक नोडच्या यादीत असतो नाहीतर कुठल्याच यादीत नसतो, अशी त्याची सेफ्टी कमेंट होती. पण त्याच ड्रायव्हरमधलं नोडचं रिलीज फंक्शन लॉक घेऊन सगळे घटक स्टॅकवरच्या एका तात्पुरत्या यादीत हलवत होतं, लॉक सोडत होतं, आणि मग ती यादी फिरत होतं. तेवढ्या वेळात घटक तिसऱ्याच ठिकाणी असायचे. दुसऱ्या थ्रेडने तेव्हाच घटक काढला की पुढचे-मागचे पॉइंटर बिघडत आणि कर्नल कोसळे. दुरुस्ती ६.१८.१ मध्ये आली: तात्पुरती यादी गेली आणि घटक मूळ यादीतूनच लॉक धरून एकेक काढले जाऊ लागले.

अनसेफ ब्लॉकवर नजर ठेवणाऱ्याला तो ब्लॉक बरोबरच वाटला असता. कमेंटमधलं विधान खोटं ठरवणारा कोड दुसऱ्या फंक्शनमध्ये होता आणि तो पूर्ण सेफ रस्ट होता. म्हणून कमेंटमध्ये जे विधान कराल, ते मोडू शकणारी प्रत्येक जागा त्याच मॉड्यूलमध्ये शोधा. त्यासाठी फील्ड खाजगी ठेवा आणि मॉड्यूल लहान ठेवा, म्हणजे शोध एका फाइलीत संपतो.

पायरी ८: नकाराची चाचणी

मेमरी न मिळण्याची वाट चालवून पाहिलेली नसेल तर ती चालते असं म्हणता येत नाही. कर्नलची फेलस्लॅब सोय केमॅलॉकला मुद्दाम नकार द्यायला लावते. डीबगएफएसच्या (कर्नलच्या डीबगिंगच्या फाइलसिस्टिमच्या) फेलस्लॅब फोल्डरमधली इग्नोर-जीएफपी-वेट ही फाइल आधी एन करा. तिचं मूळ मूल्य वाय असतं आणि तसंच ठेवलं तर झोपू शकणाऱ्या मागण्यांना, म्हणजे तुमच्या बहुतेक जीएफपी_कर्नल कॉलना, नकार मिळतच नाही आणि चाचणी पास झाल्यासारखी दिसते.

संभाव्यतेवर सोडण्यापेक्षा फेल-एनटीएच वापरा. एक छोटा सी प्रोग्राम लिहा: तो स्वतःच्या टास्कच्या फेल-एनटीएच फाइलीत १ लिहितो आणि मग स्वतःच मॉड्यूल लोड करतो. पहिली मागणी नाकारली जाते. फाइल पुन्हा वाचल्यावर शून्य आलं तर नकार खरंच दिला गेला. मॉड्यूल लोड झालं असेल तर काढा, मग २ लिहा, ३ लिहा, असं पुढे जा. वाचताना शून्याहून मोठा आकडा मिळाला की तितक्या मागण्या झाल्याच नाहीत, म्हणजे सगळ्या वाटा तपासून झाल्या. मग फाइलीत ० लिहून सोय बंद करा. व्हीमॅलॉकच्या पानांना नकार द्यायचा असेल तर फेल_पेज_ॲलॉक ही जोडीची सोय आहे.

तुमच्या कोडमधल्या प्रत्येक नकारावर मॉड्यूल लोड करणाऱ्या कॉलला वजा १२, म्हणजे एनोमेम, मिळायला हवं आणि लॉगमध्ये केसॅनची एकही ओळ नको. फेऱ्या संपल्यावर केमेमलीकच्या फाइलीत स्कॅन लिहा, थोडं थांबा, पुन्हा एकदा स्कॅन करा आणि फाइल वाचा. तिथे तुमच्या मॉड्यूलचं नाव दिसलं तर फ्रॉम_फॉरेन न झालेला पॉइंटर किंवा एकमेकांना धरून बसलेले आर्क, या दोन जागा आधी पाहा.